पत्ता सांगताना कुणी ‘सुंदर घर’ म्हणत नाही

वाचकाचं पत्र, थोडक्यात : परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून २४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. बी.एड. झाल्या आहेत आणि तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर शिकवतात. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, हमाल होते. ३० वर्षं पोती वाहिली, आता पाठ साथ देत नाही म्हणून घरीच असतात. वडिलांवरची ३२ ओळींची कविता ताईंनी एका छोट्या काव्यवाचनात वाचली. तिथल्या एका जाणत्या सरांनी सांगितलं, “पसरट झाली आहे. विशेषणांचा नुसता चिखल. सगळी काढून टाका.” घरी येऊन त्यांनी तसंच केलं. ११ ओळी उरल्या. “पण त्या वाचल्यावर वाटलं, ही तर हजेरीपुस्तकातली नोंद झाली,” असं त्या लिहितात. विशेषणं ठेवली की पसरट, काढली की कोरडं. मग थोडक्यात लिहून चित्र उभं करायचं तरी कसं, हा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी ताजा कलम जोडला आहे : संध्याकाळी बाबा आले की त्यांच्या बनियनला पाठीवर पोत्याच्या तागाचे धागे चिकटलेले असायचे. आई त्यांना दिव्यापाशी बसवून एकेक धागा वेचायची. सदऱ्याच्या खिशात सोयाबीनचे चार दाणे निघायचे, ते मी तुळशीच्या कुंडीत पेरायचे. “हे कवितेत घातलं नाही. बाबांना कमीपणा वाटेल.”

प्रिय ताई,

तुमच्या दोन्ही कविता वाचल्या आणि मग पत्र पुन्हा वाचलं. ३२ ओळींत मला तुमचे बाबा दिसले नाहीत, ११ ओळींतही दिसले नाहीत. ते दिसले ताज्या कलमात, पाठ दिव्याकडं करून बसलेले. तुम्ही जे कविता समजून लिहिलंत त्यात ते नाहीत, आणि जे कवितेच्या लायकीचं नाही म्हणून बाजूला ठेवलंत त्यात ते आहेत. म्हणून आधी विशेषणांचा नाही, या निवडीचा विचार करू.

सरांचं अर्धं बरोबर आहे. तुमची पहिली ओळ अशी आहे : ‘कष्टाळू, प्रेमळ, थोर माझे बाबा’. तीन विशेषणं आहेत, पण त्यांतलं एकही काही दाखवत नाही. ही निकाल देणारी विशेषणं आहेत. खटला चाललाच नाही, साक्षीदार आलाच नाही आणि निकाल वाचून झाला. ऐकणारा मान डोलावतो, कारण बापाला थोर म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? पण त्याच्या डोळ्यांपुढं काही येत नाही. पुढं ‘रखरखते ऊन’ आहे, ‘पवित्र घाम’ आहे. सरांना चिखल दिसला तो इथं.

सरांचं उरलेलं अर्धं मला पटत नाही. ‘सगळी काढून टाका’ म्हटल्यावर तुम्ही ‘थोर’ काढलंत हे ठीक, पण त्याच फटक्यात ‘फाटक्या उपरण्याची चुंबळ’ यातलं ‘फाटक्या’ही गेलं आणि ‘चार कोसावरचा मोंढा’ नुसता ‘मोंढा’ झाला. पहिली तीन विशेषणं आणि ही दोन एका जातीची नाहीत. तण आणि पीक दोन्ही हिरवंच असतं. खुरपणी करणाऱ्या बाईला त्यांतला फरक कळतो म्हणून तर तिला रोजगार मिळतो.

हा फरक ओळखायला व्याकरणाच्या पुस्तकाआधी आपल्या गावात पत्ता विचारून बघा. अनोळखी माणसानं पारावर जाऊन एखाद्याचं घर विचारलं तर उत्तर काय येतं? “मारुतीच्या मागं, चिंचेखालचं निळ्या दाराचं घर.” कुणी ‘सुंदर घर’ म्हणत नाही, ‘प्रेमळ माणसांचं घर’ही म्हणत नाही, कारण त्यानं घर सापडणार नाही. बाजारात जनावर हरवलं तर लोक काय विचारतात? “शिंग मोडलेला बैल पाहिला का? कपाळावर चांद असलेली कालवड?” आपली माणसं नामाच्या आधी नेमके शब्द लावतात, कारण त्यांना हजारांतून एक ओळखायचा असतो. कवितेलाही हजार बापांतून एक बाप ओळखायचा आहे. व्याकरणात विशेषण ज्या नामाबद्दल सांगतं त्याला विशेष्य म्हणतात. शब्द किती नेमका आहे बघा : ज्याला वेगळं काढायचं ते.

तुम्ही शाळेत मराठी शिकवता, त्यामुळं गुणविशेषण, संख्याविशेषण, सार्वनामिक विशेषण हे तीन प्रकार तुम्हाला पाठ आहेत. पण मुलांना विशेषण लिहा म्हटलं की ती फक्त गुणविशेषणं लिहितात, त्यातही तयार जोड्या : हिरवेगार शेत, निळेशार आकाश, पांढरेशुभ्र ढग, लालबुंद सूर्य. या जोड्या कधीकाळी ताज्या होत्या. आता निबंधाच्या वह्यांत घासून त्यांची धार गेली आहे. कवितेसाठी खरी धार आपल्या भाषेत दुसरीकडं आहे. धातूपासून, म्हणजे क्रियापदाच्या मुळापासून, झालेली विशेषणं घ्या : चिकटलेला, उचलणारा, उसवत चाललेला. अव्ययापासून झालेली घ्या, म्हणजे वरचा, खालचा, मागचा, आणि त्यांच्या जोडीला मोंढ्यातला, चिंचेखालचा. यांचा उपयोग तुम्ही बोलताना दिवसभर करता. लिहायला बसलात की मात्र ‘पवित्र’ आणि ‘थोर’ हाताशी येतात.

आता तुमचंच वाक्य जरा आवरून घेऊ : ‘त्यांच्या पाठीला पोत्याच्या तागाचे धागे चिकटलेले असायचे.’ सात शब्द झाले आणि वाक्य संपलं. तेच असं करून बघा : ‘तागाचे धागे चिकटलेली पाठ’. चार शब्द. सगळं वाक्य घडी घालून नामाच्या आधी बसलं. आणि वाक्य अजून संपलेलं नाही, क्रियापदाची जागा मोकळी आहे. तिथं तुम्ही काहीही करू शकता : तागाचे धागे चिकटलेली पाठ दिव्याकडं वळते. आधी जे सांगायला एक वाक्य खर्ची पडत होतं ते आता कर्त्याच्या जागी बसलं आणि नवी घटना घडायला वाव मिळाला. मला विचाराल तर कवितेतला थोडकेपणा म्हणतात तो हाच. शब्द कमी करत जाणं निराळं. त्या वाटेनं तुम्ही ११ ओळींवर आलात आणि हजेरीपुस्तकात पोचलात. घडी घालणं निराळं. घडी घातलेलं लुगडं छोटं दिसतं, पण त्याचा एक हातही कमी झालेला नसतो.

हीच घडी खिशाला घाला. ‘खिशात सोयाबीनचे चार दाणे निघायचे’ याचं ‘चार दाणे उरलेला खिसा’ होतं. यात ‘चार’ हे संख्याविशेषण आहे आणि सगळ्यात जास्त काम तेच करतं. ‘थोडे दाणे’ म्हणालात तर कुणी मोजलेले नाहीत. ‘चार’ म्हटलं की मोजणारी मुलगी आपोआप कवितेत येते. ‘मी आतुरतेने वाट पाहायचे’ ही तुमची ओळ मग लागतच नाही.

धातूपासून झालेल्या विशेषणांचा आणखी एक गुण तुमच्या कवितेच्या अगदी कामाचा आहे. त्यांच्या पोटात काळ असतो. ‘पोती वाहणारा बाप’ आणि ‘पोती वाहिलेला बाप’ यांत एका प्रत्ययाचा फरक. पहिला अजून मोंढ्यात आहे. दुसरा घरात बाजेवर बसून आहे आणि त्याची ३० वर्षं त्याच्या मागं उभी आहेत. तुमच्या ३२ ओळींतल्या चौदा ओळी ‘पूर्वी असं होतं, आता असं आहे’ हे सांगण्यात गेल्या आहेत. ‘णारा’चा ‘लेला’ कधी झाला हे दाखवलंत तर त्यांतल्या बहुतेक ओळींची गरज उरणार नाही. तसंच ‘मोंढ्यातला बाप’ आणि ‘घरातला बाप’. ही दोन माणसं आहेत ना? तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटलं.

नामाकडंही बघा. नाम ढिलं असलं की त्याला विशेषणांचे टेकू द्यावे लागतात. ‘काटेरी झाड’ लिहिण्यापेक्षा ‘बाभूळ’ लिहिलं की काटे तिच्याबरोबरच येतात. तुमच्या कवितेत ‘धान्य साठवण्याची जुनी पिशवी’ आहे. मोंढ्यात तिला कुणी असं म्हणतं का? तिथं तो ‘बारदाना’ असतो. ‘माथाडी’ हा शब्द घ्या : माथ्यावरून ओझं वाहणारा माणूस, एवढं सगळं एका नामात मुडपून बसलं आहे. हमालांसाठी महाराष्ट्रात झालेल्या १९६९ च्या कायद्याच्या नावातही तो तसाच आला. आपल्याकडं तर विशेषणाचंच नाम झालेलं आहे. ‘काळी’ म्हटलं की शेतजमीन, ‘पांढरी’ म्हटलं की गावठाण. म्हातारी माणसं ‘काळीची सेवा’ म्हणतात तेव्हा ‘माती’ हा शब्द उच्चारायचीही गरज पडत नाही.

तुम्ही घरी आईला ‘माय’ म्हणत असाल, पण दोन्ही कवितांमध्ये ‘आई’ आहे. बोलीतले शब्द अशुद्ध, आणि कविता शुद्ध हवी, हे कुठून तरी तुमच्या मनात बसलं आहे. मी मात्र तुमची सगळी ३२ ओळींची शुद्धता देऊन त्या बदल्यात मोंढ्यातला एक शब्द घेईन. तुमच्या जिल्ह्यातलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. दळण-कांडण, शेण-गोवऱ्या हे सगळं त्यांच्या अभंगांत देवाच्या शेजारी येऊन बसलं आहे आणि गेल्या सातशे वर्षांत कुणाला ते हलकं वाटलेलं नाही.

विशेषणावाचूनही नामाचा पदर वाढतो, याचं एक उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी आलं ते रेल्वेनं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ‘भीषण’, ‘तीव्र’, ‘दाहक’ हे शब्द इतक्यांदा वाचले की ते डोळ्यांवरून नुसते सरकून जायचे. पण ‘पाण्याची रेल्वे’ हे दोन शब्द ऐकले की अजून घशाला कोरड पडते. पाणी नळाचं असतं, विहिरीचं असतं, टँकरचं असतं. पाण्याची रेल्वे असावी लागली, यात सगळा दुष्काळ आला. ‘-ची’ या एका प्रत्ययानं दोन अशा वस्तू जोडल्या, ज्या कधी शेजारी बसायला नको होत्या.

मात्र हाच प्रत्यय बिघडवतोही, आणि ही चूक नवीन लिहिणाऱ्यांत मला वारंवार दिसते. घडी घालायची गोडी लागली की माणूस असं काही लिहितो : ‘मोंढ्यातल्या आडत्याच्या दुकानाच्या मागच्या गोदामाच्या दाराजवळचं पोतं’. ‘च्या’ला ‘च्या’ अडकत गेला की जीभ अडखळते, आणि पोतं येईपर्यंत ऐकणारा दुकानातच हरवतो. मराठीत विशेष्य शेवटी येतं. ऐकणाऱ्याला त्याची वाट बघावी लागते. ती वाट दोन-तीन शब्दांची असली तर उत्सुकता वाढते. ‘तागाचे धागे चिकटलेली…’ इथपर्यंत आल्यावर मनात प्रश्न येतो, काय? आणि मग ‘पाठ’ येते. वाट सहा शब्दांची झाली की कंटाळा येतो. मोठ्यानं वाचून बघा. एका दमात दोनपेक्षा जास्त ‘च्या’ आले तर एक काढा, किंवा त्याची वेगळी ओळ करा.

पद्यात तुम्हाला आणखी एक मोकळीक आहे, ती गद्यात सहसा नसते. विशेषण नामाच्या मागं नेता येतं. ‘चिकट धागे’चं ‘धागे चिकट’ झालं की आधी वस्तू दिसते, मग तिचा स्पर्श जाणवतो. आपल्या ओव्या-अभंगांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. तुम्हाला सराव करायचा असेल तर मी अभंगाचंच माप सुचवेन. मोठ्या अभंगाचे चार चरण : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. लघु-गुरूचा हिशेब नाही, फक्त अक्षरं बोटांवर मोजायची. एकूण २२ अक्षरं. तुमच्या ताज्या कलमाचं मी त्यात असं काहीसं करून पाहिलं :

पाठीवर धागे
तागाचे चिकट
माय वेची नीट
दिव्यापाशी

ही तुमची कविता नाही आणि तुम्ही ती वापरावी असंही नाही. फक्त दोन गोष्टी यात बघा. एक, ‘धागे’ या नामाला तिन्ही बाजूंनी शब्द आहेत : कुठले ते ‘पाठीवर’, कशाचे ते ‘तागाचे’, कसे ते ‘चिकट’. पण ‘दिवा’ उघडा आहे. मोह होत होता ‘मिणमिणत्या दिव्यापाशी’ लिहायचा. पण मग डोळा धाग्यांवर राहिला नसता, दिव्याकडं गेला असता. आणि चार अक्षरांत जागाही नव्हती, हे मापाचे उपकार. घरातल्या सगळ्याच बायकांना एकाच लग्नात नवरी म्हणून सजवत नाहीत. एका कडव्यात एकच नाम सजवा, फार तर दोन, बाकीची साधी राहू द्या. कुठलं सजवायचं हे ठरवणं हेच कवीचं काम आहे, आणि ते मला तुमच्यासाठी करता येणार नाही.

दुसरं, ‘वेची’. चारही चरणांत क्रियापद तेवढं एकच. घडीच्या ओळी एकाखाली एक मांडत गेलात, उसवलेला खिसा, झिजलेली चप्पल, कोपऱ्यातली काठी, तर काही वेळानं घरातल्या सामानाची यादी तयार होते. यादीत कुणी हलत नाही. कुठंतरी एक हात हलला पाहिजे. तुमच्या ताज्या कलमात तो आईचा आहे, आणि पुढं तुळशीच्या कुंडीत दाणे पेरणारा तुमचा.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही सांगते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. परवा लातूरकडच्या एका तरुणानं येळवसेवरची, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणावरची, कविता पाठवली. तिच्यात ‘निसर्गरम्य शेत’, ‘रुचकर भोजन’ आणि ‘आनंदी वातावरण’ होतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी राहते, आंबिलाचं मडकं येतं, भज्जी असते, आणि त्यांतलं काहीच कवितेत नव्हतं. त्याला मी एवढंच कळवलं की कोपीच्या आत बसून डोळे मिट आणि काय टोचतं ते लिही. ‘कडब्याच्या फटीतलं ऊन’ असं त्याचं उत्तर आलं. त्याची कविता तिथून सुरू झाली.

जुन्या ३२ ओळी फाडू नका. त्यांतल्या प्रत्येक विशेषणाला एकच प्रश्न विचारा : याच्यामुळं हजारांतला एक बाप ओळखता येतो का? ‘थोर’ला नाही म्हणावं लागेल. ‘फाटक्या उपरण्याची चुंबळ’ राहील. ‘चार कोसावरचा मोंढा’ राहील, आणि तो तुमच्या गावापासून खरोखर चार कोसावर असला तर नक्कीच राहील. जे राहिलं त्यात ताजा कलम मिसळा. किती ओळी होतात याची काळजी आत्ता नको. बारा झाल्या तर बारा, वीस झाल्या तर वीस. सरांना पुन्हा दाखवायची की नाही ते नंतर बघू. त्यांनी मनापासून ऐकलं म्हणूनच त्यांना चिखल दिसला, एवढं मात्र लक्षात असू द्या.

राहिला बाबांच्या कमीपणाचा प्रश्न. खरं तर तुम्ही तो पहिल्यांदा विचारायला हवा होता. ‘थोर’ आणि ‘पवित्र’ हे शब्द तुम्ही काव्यासाठी घातलेले नाहीत असं मला वाटतं. तुम्ही ते बाबांवर पांघरूण म्हणून घातलेत, लोकांना धागे दिसू नयेत म्हणून. मुलीची ती माया मला कळते. पण ३० वर्षं पोती वाहिलेल्या माणसाला स्वतःच्या पाठीची लाज वाटते, हे तुम्ही धरून चालला आहात. त्यांना विचारलंय का? त्यांना खरंच नको असेल तर ती कविता वहीत राहील, माणसापेक्षा कविता मोठी नाही. पण विचारल्याशिवाय त्यांच्या वतीनं लाजू नका.

कविता वाचून दाखवण्याआधी एखाद्या संध्याकाळी नुसतं त्यांच्याजवळ बसा. पोतं पाठीवर घेताना पहिला भार कुठं यायचा ते विचारा. सोयाबीनचं पोतं आणि कापसाचं बोचकं अंगाला कसं वेगळं लागायचं ते विचारा. पोत्यात अडकवायच्या त्या लोखंडी आकड्याला ते आणि त्यांच्या टोळीतली माणसं काय म्हणायची, तेही विचारा. जो शब्द ते सांगतील तो तिथल्या तिथं वहीत लिहून घ्या, आणि शुद्ध करू नका.